हरवलेल्या दप्तराची गाणी : 'नोआ अँड द व्हेल' या इंग्लिश बँडची नऊ वर्षे

१/
एप्रिल २०१५ मध्ये 'नोआ अँड द व्हेल' या इंग्लिश बँडने आपण थांबत असल्याचे जाहीर केले. नऊ वर्षे, चार अल्बम आणि त्यांपैकी दोन अल्बमांसोबत केलेले दोन चित्रपट, एवढा त्यांचा संसार. आज त्यांचे नाव काढले की बहुतेकांना युकुलेली आणि शिट्टी असलेले एकच गाणे आठवते. या धाग्यात त्यांची कारकीर्द पाहायची आहे, आणि ती इतिहासाचे विद्यार्थी जशी पाहतील तशी. ही गोष्ट आपल्याला कळते ती कोणत्या साधनांवरून? त्यांतली कोणती साधने आज हाती आहेत आणि कोणती कायमची गेली? धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम कालपट समजून घेऊ. एप्रिल २००६ मध्ये नार्ल्स बार्क्लीचे 'क्रेझी' हे गाणे केवळ डाउनलोडच्या बळावर ब्रिटिश क्रमवारीत पहिले आले. ब्रिटनमध्ये असे प्रथमच घडत होते. जानेवारी २००७ पासून दुकानात सीडी वा तबकडी नसलेल्या गाण्यालाही क्रमवारीत मुक्त प्रवेश मिळाला. जुलै २०१४ मध्ये गाण्यांच्या आणि मार्च २०१५ मध्ये अल्बमांच्या क्रमवारीत स्ट्रीमिंगची मोजणी सुरू झाली. आपला बँड २००६ मध्ये उभा राहिला आणि एप्रिल २०१५ मध्ये थांबला. डाउनलोडचे युग जवळजवळ संपूर्णपणे त्याच्या आयुष्यात मावते.

३/
स्थळ आहे ट्विकनहॅम, नैर्ऋत्य लंडनमधले थेम्सकाठचे उपनगर. बाहेरच्या जगाला ते रग्बीच्या मैदानामुळे ठाऊक आहे. संगीताच्या इतिहासात मात्र त्याची नोंद आहे ती नदीतल्या ईल पाय या चिमुकल्या बेटामुळे. तिथल्या जुन्या हॉटेलात १९५० च्या दशकात जॅझ वाजू लागले आणि १९६३ मध्ये तेव्हा नवखे असलेले रोलिंग स्टोन्स नियमाने वाजवत असत. १९७१ च्या आगीत ते हॉटेल नष्ट झाले. लंडनचा मध्यभाग रेल्वेने जवळ, तरीही गाव स्वतःपुरते शांत. अशा उपनगरांनी इंग्लिश संगीताला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली आहेत.

४/
बँडची मूळ माणसे अशी : गीतकार आणि गायक चार्ली फिंक, ड्रमवर त्याचा भाऊ डग फिंक, फिडलवर टॉम हॉबडेन आणि बास गिटारवर मॅट ओवेन्स. सुरुवातीच्या दिवसांत एमा-ली मॉस, म्हणजेच 'एमी द ग्रेट' या नावाने गाणारी गायिका, त्यांच्यासोबत गात असे. पुढे साथीच्या गायनाला लॉरा मार्लिंग आली. तिचा जन्म १९९० चा. बँडमध्ये आली तेव्हा ती अजून शाळकरी वयातच होती. ही दोन नावे लक्षात ठेवावीत. मार्लिंगचे तर विशेष, कारण पुढची अर्धी गोष्ट तिच्याशी जोडलेली आहे.

५/
बँडचे नाव बायबलमधल्या नोआवरून आले असावे असे वाटते. पण नोआची नौका होती, मासा योनाचा. खरा उगम चित्रपटात आहे. २००५ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक नोआ बॉमबाक याचा 'द स्क्विड अँड द व्हेल' प्रदर्शित झाला. १९८० च्या दशकातल्या ब्रुकलिनमधील एका घटस्फोटाची ती कथा. दिग्दर्शकाचे पहिले नाव आणि चित्रपटाच्या नावातला देवमासा जोडून बँडचे नाव तयार झाले. चार्ली फिंकची चित्रपटांची ओढ नावापाशीच थांबली नाही, हे पुढे दिसेल.

६/
त्या सुमारास पश्चिम लंडनच्या छोट्या क्लबांत तरुण गायकांचा एक गोतावळा जमत होता. २००६ मध्ये बेन लव्हेट, केविन जोन्स आणि इयन ग्रिंबल यांनी 'कम्युनियन' नावाच्या संगीतरात्री सुरू केल्या. त्यांचे ठिकाण नॉटिंग हिल आर्ट्स क्लब. हाच लव्हेट २००७ च्या अखेरीस 'मम्फर्ड अँड सन्स'चा एक संस्थापक झाला. मार्कस मम्फर्ड त्याआधी मार्लिंगसाठी ड्रम वाजवत असे. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे अशी वाद्यांची आणि वादकांची ये-जा चाले. संगीतपत्रांनी या गोतावळ्याला 'न्यू फोक', म्हणजे नव-लोकसंगीत, असे नाव दिले.

७/
इथे जरा थांबावे लागेल. 'लोकसंगीत' हा शब्द इंग्लंडमध्ये साधा नाही. त्याला शंभर वर्षांच्या वादाचा इतिहास आहे. १८९८ मध्ये लंडनमध्ये 'फोक-साँग सोसायटी' स्थापन झाली. सप्टेंबर १९०३ मध्ये सेसिल शार्प हा संगीतशिक्षक सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज या खेड्यात मित्राकडे गेला असता जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याला त्याने गुणगुणताना ऐकले. शार्पने वही काढली आणि चाल टिपून घेतली. पुढची दोन दशके तो खेडोपाडी, आणि नंतर अमेरिकेतल्या ॲपलॅचियन डोंगरांतही, गाणी टिपत हिंडला. त्याने हजारो चाली जमवल्या.

८/
शार्पच्या वह्या म्हणजे निर्मळ आरसा नव्हे. शहरातल्या कामगारांची गाणी त्याला 'लोक'गीते वाटत नसत. जे शब्द अश्लील वाटले ते छापताना त्याने सौम्य केले. १९८५ मध्ये डेव्ह हार्कर या अभ्यासकाने 'फेकसाँग' या पुस्तकात असा आरोप केला की ज्याला आपण लोकसंगीत म्हणतो ते मुख्यतः मध्यमवर्गीय संग्राहकांनी निवडून घडवलेले आहे. या आरोपावर आजही वाद होतो. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे : वह्या उरल्या, म्हणूनच त्यांच्यावर आरोप करता येतो. साधन हाती असले की त्याची चिकित्सा होऊ शकते.

९/
दुसरी लाट १९५० च्या दशकात आली. युअन मॅकोल आणि ए. एल. लॉइड यांनी लोकगीतांचा संबंध कामगार चळवळीशी जोडला. लॉनी डॉनेगनच्या 'स्किफल'ने घरोघरच्या पोरांच्या हाती स्वस्त गिटार दिली. डिसेंबर १९६९ मध्ये 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'ने 'लीज अँड लीफ' या अल्बमात जुनी पोवाडेवजा कथागीते विजेच्या गिटारवर वाजवली आणि इंग्लिश फोक-रॉकचा पाया पक्का झाला. या दोन्ही लाटांत एक सूत्र समान होते : जुने, अनामिक कर्त्याचे गाणे शोधायचे आणि ते नव्याने गायचे.

१०/
२००६ ची पिढी इथे वेगळी पडते. 'नोआ अँड द व्हेल'च्या अल्बमांचा कणा पारंपरिक गाण्यांचा नाही. गाणी चार्ली फिंकने स्वतः लिहिलेली आहेत. लोकसंगीतातून त्यांनी घेतली ती वाद्ये आणि ढंग : फिडल, युकुलेली, टाळ्या, सगळ्यांनी मिळून म्हणायचे धृपद. गायकही बदलले होते. शार्पला गाणी देणारा माळी होता. या नव्या गोतावळ्यातील मम्फर्ड आणि लव्हेट हे विम्बल्डनच्या एका नामांकित खासगी शाळेचे विद्यार्थी. त्यामुळे 'फोक' हा शब्द इथे 'कोणाचे गाणे' हे सांगत नाही. 'कसे वाजवलेले गाणे' एवढेच सांगतो.

११/
आता साधनांकडे वळू. या पिढीचे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले ते 'मायस्पेस'वर. २००३ मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ २००५ मध्ये रूपर्ट मरडॉकच्या न्यूज कॉर्पोरेशनने ५८ कोटी डॉलरना विकत घेतले. बँडने आपले पान उघडायचे, घरी मुद्रित केलेली कच्ची गाणी चढवायची, पुढच्या कार्यक्रमाची तारीख लावायची. श्रोत्यांनी खाली अभिप्राय लिहायचे. कोण कोणाचा 'मित्र', कोणाच्या पानावर कोणाचे गाणे, हे सगळे उघड दिसे. समकालीन इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी काय मागावे? हे त्या पिढीचे दप्तर होते, आणि ते ती पिढी स्वतःच लिहीत होती.

१२/
त्याच वेळी एक अगदी जुनी पद्धतही जिवंत होती. 'यंग अँड लॉस्ट क्लब' ही लंडनची छोटी कंपनी नव्या बँडांची गाणी सात इंची तबकडीवर काढत असे, तीही मोजक्या प्रतींत. 'नोआ अँड द व्हेल'ची सुरुवातीची प्रकाशने याच कंपनीकडून आली. मायस्पेसच्या जमान्यात तबकडी ही हौस मानली जाई. ऐकायचे तर संगणकावर, आणि तबकडी कपाटात ठेवण्यासाठी. हा तपशील लक्षात असू द्यावा.

१३/
२००८ हे निर्णायक वर्ष ठरले. फेब्रुवारीत लॉरा मार्लिंगचा पहिला अल्बम 'अलास, आय कॅनॉट स्विम' प्रसिद्ध झाला, तेव्हा ती नुकती अठरा वर्षांची झाली होती. निर्माता होता चार्ली फिंक. त्या वर्षीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत या अल्बमाचा समावेश झाला. एका बँडची साथ-गायिका आणि तिच्या अल्बमाचा निर्माता म्हणून त्याच बँडचा नायक, अशी ही गुंतागुंत होती. 'हा अल्बम कोणाचा' या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे आहे. सांगीतिक उत्तर तितके सोपे नाही.

१४/
त्याच उन्हाळ्यात 'फाइव्ह इयर्स टाइम' गाजले. युकुलेली, शीळ, टाळ्या, फिडल आणि मार्लिंगचा मागून येणारा स्वर. गाण्यातला प्रियकर पाच वर्षांनंतरच्या सुखाचे चित्र रंगवतो. पण पाच वर्षांनी आपली ओळखही उरणार नाही कदाचित, ही शंकाही तो मध्येच बोलून जातो. ब्रिटिश क्रमवारीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे जाहिरातींनी ते उचलले आणि ते उन्हाळी आनंदाचे गाणे होऊन बसले. त्यातली शंका मात्र बहुतेकांच्या कानाआड गेली.

१५/
ऑगस्ट २००८ मध्ये पहिला अल्बम आला : 'पीसफुल, द वर्ल्ड लेज मी डाउन'. ज्यांनी तो त्या एका गाण्याच्या ओढीने घेतला असेल, ते चकित झाले असतील, कारण अल्बमभर मृत्यूचा विचार आहे. एका गाण्याचे नाव तर ग्रीक शोकांतिकेतील जोकास्टावरून घेतलेले आहे. नाजूक वाद्ये आणि जड विषय हा या अल्बमाचा खरा स्वभाव. पण डाउनलोडच्या दुकानात गाणे सुटे मिळत होते. ज्याला एक हवे त्याने एक घ्यावे. उरलेल्या अल्बमाशी संबंध ठेवण्याची सक्ती आता संपली होती.

१६/
त्याच वर्षी मार्लिंग बँडमधून बाहेर पडली. चार्ली फिंक आणि ती यांचे नातेही संपले होते, हे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून सर्वांना ठाऊक झाले. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस दुसरा अल्बम आला : 'द फर्स्ट डेज ऑफ स्प्रिंग'. युकुलेली जवळजवळ नाहीशी झाली. संथ गती, विस्तीर्ण तंतुवाद्ये, मध्येच वाद्यवृंद आणि समूहगान, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच विषय : विरहानंतर माणूस पुन्हा उभा कसा राहतो.

१७/
समीक्षकांनी आणि चाहत्यांनी हा अल्बम सरळ आत्मचरित्र म्हणून वाचला. इथे आपली शिस्त उपयोगी पडते. बखर आणि अस्सल पत्र यांत आपण फरक करतो, तसाच फरक गाणे आणि खासगी पत्र यांत करायला हवा. गाणे हे रचलेले असते. त्यातला 'मी' म्हणजे गीतकाराचा जबाब नव्हे. या अल्बमावरून एवढेच निश्चित म्हणता येते की २००९ मध्ये एका तरुण गीतकाराला विरहाची कथा सलग, एका दमात सांगावीशी वाटली. त्यापलीकडे जाऊन दुसऱ्या व्यक्तीच्या मनाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे साधनावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझे टाकणे होय.

१८/
'सलग' हा शब्द इथे कळीचा आहे. चार्ली फिंकने या अल्बमासोबत त्याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. संपूर्ण अल्बम हेच त्याचे संगीत. म्हणजे गाणी सुटी विकली जात असताना या बँडने ती एकत्र बांधून ठेवण्याचा उपाय शोधला होता. भोवतालची परिस्थिती पाहा : जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनमधील वूलवर्थ्सची शेवटची दुकाने बंद झाली. ज्या दुकानांतून दोन-तीन पिढ्यांनी आयुष्यातली पहिली तबकडी घेतली, ती दुकानेच गेली. पुढच्याच महिन्यात स्पॉटिफाय ब्रिटनमध्ये सर्वांसाठी खुले झाले.

१९/
दरम्यान गोतावळ्यातले इतर पुढे निघाले. ऑक्टोबर २००९ मध्ये मम्फर्ड अँड सन्सचा 'साय नो मोअर' आला आणि बघता बघता अटलांटिकपार पोहोचला. मार्लिंगचा दुसरा अल्बम २०१० मध्ये पुन्हा मर्क्युरीच्या यादीत गेला. २०११ मध्ये तिला ब्रिट पुरस्कार मिळाला. याच काळात या गोतावळ्याचा भारताशीही थेट संबंध आला. मम्फर्ड अँड सन्स, मार्लिंग आणि राजस्थानी लोककलावंतांचा 'धरोहर प्रोजेक्ट' यांनी दिल्लीत मिळून चार गाणी ध्वनिमुद्रित केली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. पिढीजात लोकगायक आणि 'फोक' म्हणवणारी शहरी पोरे तिथे एका खोलीत बसली. शब्द एकच, पण अर्थ किती निराळे, हे त्या चार गाण्यांत ऐकू येते.

२०/
'नोआ अँड द व्हेल'ने मात्र या वळणावर फोकचा रस्ताच सोडला. ड्रमर डग फिंक वैद्यकीय पेशासाठी बँडमधून बाहेर पडला. मार्च २०११ मध्ये 'लास्ट नाइट ऑन अर्थ' आला, तो सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊनच. समीक्षकांना त्यात टॉम पेटी, लू रीड आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन ऐकू आले. विरहाचा 'मी' जाऊन तिथे पात्रे आली : गाव सोडणारी, रात्री गाडी हाकणारी, नव्याने सुरुवात करणारी माणसे. 'लाइफ गोज ऑन' ही अक्षरे सुटी सुटी उच्चारत धृपद गाणारे गाणे चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि अल्बम पहिल्या दहांत पोहोचला.

२१/
हा निर्णय विचार करण्याजोगा आहे. फोकला बाजारात सर्वाधिक भाव येत असताना, ज्या बँडने या गोतावळ्याला पहिले मोठे लोकप्रिय गाणे दिले, तोच बँड बाहेर पडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये मम्फर्ड अँड सन्सच्या 'बेबेल'ला ग्रॅमीचा 'वर्षातील सर्वोत्तम अल्बम' हा सन्मान मिळाला. त्यानंतर २००६ ची कथा मागे वळून सांगितली जाऊ लागली ती मम्फर्डचा उदय या नावाने. नॉटिंग हिलच्या त्या खोल्यांतले बाकीचे सगळे प्रस्तावनेतली पात्रे झाले. निकाल ठाऊक झाल्यावर सुरुवात लिहिणे हा आपल्या शास्त्रातला जुना धोका. राज्यांच्या इतिहासात तो आपण ओळखतो, गाण्यांच्या इतिहासात सहज विसरतो.

२२/
मे २०१३ मध्ये चौथा अल्बम आला : 'हार्ट ऑफ नोव्हेअर'. शीर्षकगीतात ॲना कॅल्वीचा स्वर आहे. याच्याही जोडीला चार्ली फिंकने लघुपट केला : किशोरवयीन मुलांना समाजापासून तोडून एका बेटावर ठेवणाऱ्या काल्पनिक जगाची कथा. अल्बमाचा विषय तारुण्य सरण्याचा : जुने मित्र, लग्ने, पांगलेले गाव. पाच वर्षांपूर्वी एका गाण्यात ज्या 'पाच वर्षांनंतर'ची कल्पना केली होती, ती तारीख आता उलटून गेली होती. त्याच वर्षाच्या जानेवारीत एचएमव्ही ही ब्रिटनमधील सर्वांत मोठी तबकडी-दुकानांची साखळी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकांच्या हाती गेली होती.

२३/
एप्रिल २०१५ मध्ये बँड थांबला. त्यानंतर चार्ली फिंकने रंगभूमीसाठी लिहिले. लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहातील 'द लॉरॅक्स' या नाटकाची गाणी त्याची आहेत. टॉम हॉबडेनचे फिडल पुढे मम्फर्ड अँड सन्सच्या मंचावर ऐकू येऊ लागले. मॅट ओवेन्सने स्वतःचे संगीत काढले. कारकीर्द म्हणून गोष्ट इथे संपते. साधनांच्या दृष्टीने तिचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग अजून बाकी होता, आणि त्याच्याशी बँडचा काहीही संबंध नव्हता.

२४/
मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने मान्य केले की सर्व्हर बदलण्याच्या कामात जुनी सामग्री नष्ट झाली आहे. २०१५ च्या अखेरपर्यंत लोकांनी चढवलेली छायाचित्रे, चित्रफिती आणि ध्वनिफिती गेल्या. बातम्यांत आकडा आला तो सुमारे १ कोटी ४० लाख कलावंतांच्या ५ कोटी गाण्यांचा. २००६ ते २००८ या काळात लंडनच्या नव्या बँडांनी चढवलेली कच्ची गाणी याच ढिगात होती. प्रसिद्ध झालेले अल्बम सुरक्षित आहेत, हे खरे. पण अल्बम म्हणजे पूर्ण झालेला मजकूर. खाडाखोड, पहिले खर्डे, न निवडलेली गाणी, आणि कोण कोणासोबत गात होते याचे पुरावे मायस्पेसवर होते.

२५/
थोडे हाती लागले. २००८ ते २०१० दरम्यान संगीताच्या जाळ्याचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक गटाने मायस्पेसवरील काही गाण्यांच्या प्रती स्वतःपाशी ठेवल्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या : सुमारे ४,९०,००० गाणी. आकडा मोठा दिसतो, पण तो ५ कोटींच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. आणि हे उरले ते कोणी जपायचे ठरवले म्हणून नव्हे. दुसऱ्याच अभ्यासासाठी काढलेल्या प्रती योगायोगाने शिल्लक होत्या.

२६/
कायद्याने हे वाचवायला नको होते का? ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीला देणे बंधनकारक आहे. ध्वनिमुद्रणाला मात्र तसे बंधन नाही; ते संग्रहात येते ते देणगीने, खरेदीने वा कंपन्यांच्या सहकार्याने. एप्रिल २०१३ पासून ब्रिटिश संकेतस्थळेही या कायद्याखाली जपली जाऊ लागली. परंतु मुख्यतः ध्वनी वा चित्रफीत असलेले साहित्य त्यातून वगळले आहे. एखाद्या अनोळखी कवीचे चार पानी पुस्तक देशाच्या संग्रहात जाते. लाखो लोकांनी ऐकलेले गाणे तिथे जाईलच, अशी हमी कायदा देत नाही.

२७/
आता तीन साधने शेजारी ठेवून पाहू. सेसिल शार्पने १९०३ पासून लिहिलेल्या वह्या आजही केंब्रिजमध्ये जपलेल्या आहेत. 'यंग अँड लॉस्ट क्लब'च्या सात इंची तबकड्या, ज्यांच्याकडे त्या काळी हौस म्हणून पाहिले गेले, कपाटांत सुखरूप आहेत आणि सुई ठेवली की वाजतात. आणि त्या दोन्हींहून ताजे, जगात कुठूनही ऐकता येणारे मायस्पेसचे पान रिकामे आहे. जॉन इंग्लंड या माळ्याचे १९०३ मधले गाणे आपल्याला ठाऊक आहे. पश्चिम लंडनच्या एखाद्या खोलीत २००६ मध्ये कोणी काय गायले, ते सांगायला बरेचदा आठवणीच उरल्या आहेत.

२८/
आठवणी म्हणजे बखरी. त्या टाकाऊ नसतात. पण त्या निकाल ठाऊक झाल्यावर सांगितलेल्या असतात. मम्फर्डच्या यशानंतर दिलेल्या मुलाखतीतले २००६ आणि २००६ सालच्या पानावरचे २००६ ही दोन वेगळी साधने आहेत. दुसरे गेले की पहिल्याची तपासणी कशाशी करायची? शार्पने काय वगळले हे आपण सांगू शकतो, कारण त्याच्या वह्या, त्याची छापील पुस्तके आणि इतर संग्राहकांची टिपणे शेजारी ठेवता येतात. मायस्पेसच्या बाबतीत काय गेले याची यादीसुद्धा नाही. इथे तर निवडही झाली नाही. सरसकट पुसले गेले.

२९/
छापील साधनेही आटत गेली. 'एनएमई' या संगीत-साप्ताहिकाने या गोतावळ्याची नोंद आठवड्यागणिक ठेवली होती. त्याची छापील आवृत्ती मार्च २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे पुढचा अभ्यासक ज्या साधनांवर विसंबेल ती अशी : तबकड्या आणि सीडींची वेष्टने, त्यांवरची ऋणनिर्देशाची बारीक अक्षरे, कार्यक्रमांची पत्रके, तिकिटे, आणि कोणाच्या तरी जुन्या संगणकात पडून राहिलेल्या फायली. 'कोणाच्या अल्बमावर कोणी फिडल वाजवले' हे आज निश्चित सांगता येते, ते बहुतांशी त्या वेष्टनांमुळे.

३०/
म्हणून 'नोआ अँड द व्हेल'कडे एका गाण्याचा बँड म्हणून पाहू नये, असे मला वाटते. गाणे सुटे होत असताना अल्बम सांधून ठेवण्याचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला, लोकप्रिय झालेला ढंग स्वतःहून सोडला, आणि एका पिढीच्या पहिल्या आवाजांना निर्मात्याच्या खुर्चीतून आकारही दिला. हे सगळे त्यांच्या चार अल्बमांत आणि वेष्टनांवरच्या नावांत अजून वाचता येते. ज्यांचे अल्बम कधी निघालेच नाहीत, त्या त्यांच्या सोबत्यांबद्दल आपल्याला एवढेही म्हणता येत नाही. सर्व्हरने सर्वाधिक नुकसान केले ते त्यांचे.

३१/
हा धागा वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या ओळखीत एखादा बँड असेल, कोणी गाणी लिहीत असेल, कोणी महाविद्यालयाच्या मंचावर गात असेल. त्यांच्या कच्च्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवा. फाइलच्या नावात तारीख, ठिकाण आणि वाजवणाऱ्यांची नावे लिहा. कार्यक्रमाचे पत्रक फेकू नका. शार्पकडे यापेक्षा फार काही नव्हते : एक वही, एक पेन्सिल, आणि ऐकलेले लगेच टिपण्याची सवय.

३२/
ऐकायचे असेल तर क्रम असा ठेवावा : प्रथम 'द फर्स्ट डेज ऑफ स्प्रिंग', सलग, मध्ये न थांबता. मग पहिला अल्बम, आणि 'फाइव्ह इयर्स टाइम' त्यातल्या त्याच्या जागी. त्यानंतर मार्लिंगचा २००८ चा अल्बम. मायस्पेसच्या काळातल्या कोणत्याही बँडची जुनी फाइल, पत्रक वा तबकडी कोणाकडे असेल तर खाली जरूर लिहा. वर्ष आणि ठिकाण आठवत असेल तर तेही सांगा. धागा इथे संपला.